दोन पानांत न मावलेली शाळा

किस्से कुठून येतात, असं कोणी विचारलं की मी सरळ आमच्या शाळेचा पत्ता देते. नळाला पाणी येवो न येवो, आमच्या स्टाफरूममध्ये किस्सा रोज येतो. मुलं कमी होत गेली, शिक्षक कमी होत गेले, मोडकी बाकं व्हरांड्यात रचली गेली, आणि किस्से इतके साचले की आता त्यांचीच एक वेगळी तुकडी काढावी लागेल. तिचा पट तरी भरेल!

हसू नका, पटावरच सगळं अडलंय. यंदा आमचा पट पार तळाला गेला. आणि पट गेला म्हणून सरकारी शाळा कधी 'बंद' होत नाही बरं का! तिचं 'समायोजन' होतं. म्हणजे आमची मुलं उचलायची आणि रिंग रोडच्या पलीकडच्या शाळेत नेऊन टाकायची. मधे कळमन्याच्या धान्यबाजाराला जाणाऱ्या ट्रकांची रांग. मुलगे सायकली हाणत जातील कसेही. मुलींच्या घरी मात्र निकाल आधीच लागलाय. आमच्या नववीत प्रणाली आहे. हुशार, आवाज खणखणीत, वर्गाची मॉनिटर. तिच्या बाबानं मला भाजीच्या ठेल्यापाशी गाठून सांगितलं, "मॅडम, शाळा इथं हाये तवर शिकन थे. रोड ओलांडून नाई धाडत मी पोरीले. घरी काय काम कमी हाये?"

तर तिची दहावी होणार की नाही, हे एका साहेबाच्या सहीवर लटकलंय. सही अजून झालेली नाही.

आणि सही करण्याआधी वरून हुकूम काय आला? 'शाळेचा इतिहास दोन पानांत सादर करावा.' फाशी देण्याआधी जन्मपत्रिका मागतात तसं! इतिहास मी शिकवते, म्हणून लिहायचं काम माझ्याच गळ्यात. लिहिली मी दोन पानं. सुवाच्य अक्षरात, शाळेचं नाक कुठंही कापलं जाणार नाही अशी. त्यात जे बसलं नाही ते तुम्हाला सांगते. चहा घ्या.

*

इतिहास म्हटला की पहिला प्रश्न स्थापनेचा. आमची शाळा कधी स्थापन झाली, हे शाळेत कोणालाच माहीत नाही. कारण आमच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव दोनदा झालाय.

पहिला केला एका हेडमास्तरांनी. रिटायर व्हायचे होते, म्हटलं जाता जाता मंडप तरी घालू. प्राथमिकचे वर्ग सुरू झाले तिथून पन्नास वर्षं धरली आणि बार उडवून दिला. मग बऱ्याच वर्षांनी दुसरे हेडमास्तर रिटायरमेंटला आले. त्यांनी शोध लावला की हायस्कूल पुढे सुरू झालं, म्हणजे खरी पन्नास वर्षं आत्ता होताहेत! पुन्हा मंडप, पुन्हा ढोलताशे. पाहुणेही तेच बोलावले. पाहुण्यांनी भाषणही तेच केलं. "पन्नास वर्षांपूर्वीची ही शाळा मी पाहिली आहे आणि आजही ती अगदी तशीच आहे," असं ते म्हणाले, तेव्हा वरच्या पत्र्यातून उन्हाचे कवडसे त्यांच्या टोपीवर पडले होते.

आमच्या आताच्या हेडमिस्ट्रेस गजभिये मॅडम. त्यांना मी विचारलं, "मॅडम, कोणतं साल लिहू?"

मॅडम म्हणाल्या, "कोणतंही लिही वं. मी हीरक महोत्सव करीन म्हटलं होतं माझ्या रिटायरमेंटला. आता तर शाळाच माझ्याआधी रिटायर होऊन राहिली!"

*

गजभिये मॅडमचं आणि शाळेचं नातं जुनं. त्यांच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतरच्या जूनमध्ये दोन्ही मुलांचे हात धरून ते थेट आमच्या शाळेत आले. कपडे धुतलेले, केसांना तेल, पायात काही नाही. मास्तरांनी विचारलं, "जन्मतारीख?" आजोबा म्हणाले, "थे काय माईत नाई साहेब. हा मोठा, हा लहान."

मास्तर घाईत होते. त्यांनी दोघांनाही एकच तारीख दिली, एक जून. सालात मात्र काळजी घेतली, लहान तो लहानच पाहिजे म्हणून एका वर्षानं मागं ठेवला. फक्त कोणाला मागं ठेवायचं त्यात गडबड झाली! मॅडमचे धाकटे काका कागदावर त्यांच्या वडलांपेक्षा एक वर्षानं मोठे झाले ते झालेच. धाकटा भाऊ नोकरीतून आधी रिटायर झाला, आणि मोठा वर्षभर डबा घेऊन ऑफिसला जात राहिला.

मॅडमची आजी शेवटपर्यंत म्हणायची, "मास्तरानं मले विचारलं असतं तं सांगितलं असतं न वं! जन्म तं म्याच देल्ला होता."

हे सांगताना मॅडम हसतात आणि हसता हसता त्यांचे डोळे भरतात. त्या घरातल्या तीन पिढ्या आमच्या शाळेत शिकल्या. चुकीच्या तारखेवर का होईना, बरोबर शिकल्या! ही गोष्ट मी इतिहासात घातली होती. ढोबळे सरांनी वाचली आणि म्हणाले, "काढा. दोन पानात खरं बसत नाही."

*

आता ढोबळे सर. ते आमचे गणिताचे सर. गणित सोडून बाकी सगळं मोजून झालंय त्यांचं. मतदार मोजले, घरं मोजली, संडास मोजले, गाईम्हशी मोजल्या. पोलिओचे थेंब पाजले. घरोघर फिरून फिरून सरांचे पाय असे झालेत की सँडल तीन महिन्यांत हार मानते.

एकदा नंदनवन कॉलनीतल्या एका घराची त्यांनी बेल वाजवली. आतून काका आले, चष्मा वर केला आणि ओळखीचं हसले. "आले का? या, या. या वेळी कशाचं आहे? मागच्या वेळी कुत्रे विचारले होते तुम्ही."

सरांनी या वेळी कशाचं आहे ते सांगितलं. काकूंनी पाणी दिलं, चिवडा दिला. बोलता बोलता निघालं की सर गणिताचे शिक्षक आहेत.

काका चाटच पडले! "अरे बाप्पा! तुम्ही शिक्षक आहात? मग शाळेत कधी जाता हो?"

सर चिवडा खात शांतपणे म्हणाले, "सुट्टी मिळाली की जातो."

*

आमच्या शाळेनं मोठमोठी माणसं घडवली, असं मी इतिहासात लिहिलंय. त्यातल्या एका मोठ्या माणसाला आम्ही माजी विद्यार्थी मेळाव्याला बोलावलं होतं. पांढरे कपडे, पांढरी गाडी, गळ्यात बोटाएवढी जाड चेन. मागे चार पोट्टे नुसते मोबाइल धरायला.

नेतेसाहेब माइकपाशी आले, गळा दाटून आला, बराच वेळ दाटूनच राहिला. मग म्हणाले, "मी आज जो काही आहे, तो या शाळेमुळे!"

पहिल्या रांगेत आमच्या जुन्या मोहरील बाई बसल्या होत्या. ऐंशीच्या घरात, कानाला मशीन. ह्याला त्यांनी तीन वर्षं आठवीतच शिकवलं होतं. त्या तिथूनच मोठ्यानं म्हणाल्या, "शाळेवर कशाला आळ घेतोस रे बाबू!"

मंडपात जो हशा पिकला! साहेबही हसले. नेत्याला हसावं लागतं. मग त्यांनी माइक घट्ट धरला आणि शपथ घेतली, "माझ्या जिवात जीव आहे तोपर्यंत या शाळेची एक वीट हलू देणार नाही!"

शब्दाचा पक्का माणूस. विटेला हात नाही लावला. पुढच्या जूनमध्ये आमच्यासमोरच्या प्लॉटवर त्यांची स्वतःची इंटरनॅशनल स्कूल उभी राहिली, आणि आमची अर्धी मुलं रस्ता ओलांडून तिकडे गेली.

*

मुलं जाताहेत म्हटल्यावर वर हालचाल झाली. पालकांना इंग्लिश पाहिजे, म्हणून सोमवारपासून सेमी इंग्लिश! हुकूम शुक्रवारी आला. शनिवारी पेंटर येऊन फाटकावर रंगवून गेला. रविवारी ढोबळे सर गणिताचं इंग्लिश पुस्तक घेऊन बसले, ते सोमवारी सकाळी डोळे लाल करून आले.

पहिल्या तासाला मी शेजारच्या वर्गात होते. भिंतीतून ऐकू येत होतं, "नाऊ पोट्टे लोक, लिसन! दिस अँगल अँड दॅट अँगल आर इक्वल. काहून? बिकॉज दे आर इक्वल!" मागून कोणीतरी म्हणालं, "सर, मराठीत सांगा न." सर कडाडले, "मराठीतच सांगून राहिलो न बे!"

महिन्याभरानं एका मुलाचे वडील भेटले. ई-रिक्षा चालवतात. चेहरा नुसता फुललेला. माझ्यासाठी रिक्षा थांबवली, पैसे घेतले नाहीत.

म्हणाले, "मॅडम, शाळा बम सुधरली बरं! पोट्टं म्हणते, आता शाळेत काईच समजत नाई!"

*

तरी पट वाढेना. मग आम्ही मे महिन्यात घरोघर निघालो. नागपूरचा मे! तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल, हातात पत्रकं. गल्लीत शिरलो की कुत्री भुंकायची आणि बाया दारं लावून घ्यायच्या. त्यांना वाटायचं, बचत गटाच्या वसुलीवाल्या आल्या.

एका ओट्यावर एक बाई कुरड्या घालून राहिली होती. शेजारी तिचा पाच-सहा वर्षांचा मुलगा. गजभिये मॅडमनी सुरुवात केली: पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, जेवण फुकट, प्रेमळ शिक्षक. 'प्रेमळ'वर ढोबळे सरांनी गॉगल काढून हसून दाखवलं.

बाईनं सगळं ऐकून घेतलं. सोऱ्या खाली ठेवला. मग सरांना विचारलं, "सर, तुमचं लेकरू कोन्या शाळेत हाये?"

सर म्हणाले, "माझा मुलगा आता कॉलेजात आहे."

"थे नाई. लहान होता तवा?"

सरांनी पुन्हा गॉगल लावला. मॅडम पत्रकं मोजायला लागल्या. मी म्हटलं, कुरड्या छान झाल्यात! बाई काही हलेना. शेवटी सर हळूच बोलले, "कॉन्व्हेंटमध्ये."

"कोन्या?"

सरांनी नाव सांगितलं. बाईनं हात पदराला पुसले आणि आत वाकून नवऱ्याला हाक मारली, "ऐकलं का जी? सरायनं चांगली शाळा सांगितली!"

त्या दिवशी आमच्या मोहिमेला एक ऍडमिशन मिळाली. कॉन्व्हेंटला.

*

आणि मग गेल्या आठवड्यात साहेब आले. सहीवाले.

शाळा बघायची, मुलांशी बोलायचं आणि ठरवायचं, असा त्यांचा कार्यक्रम. आमची तयारी जंगी! कूलरमध्ये नवीन वाळा, फाटकाशी रांगोळी, कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून तर्री-पोहे. गजभिये मॅडम सकाळपासून नुसत्या येरझारा घालत होत्या. मला म्हणाल्या, "काहीही होऊ दे वं, ह्या पोरींची दहावी इथं होऊ दे. माझं काय, मी घरी बसून भाजी निवडीन. ह्या घरी बसल्या तर ह्यांचं लग्नच लावून देतील."

साहेब तरुण होते, गोड बोलणारे. माझी दोन पानं चाळली आणि म्हणाले, "वा, छान इतिहास आहे!" भूतकाळाची स्तुती झाली की समजावं, पुढचं काही खरं नाही.

मग सगळी मुलं हॉलमध्ये बसवली. आता इथं आमच्या शाळेची एक शिस्त सांगायला पाहिजे. आमच्याकडे कोणताही साहेब आला की मुलांनी एकच करायचं. साहेबांनी विचारलं रे विचारलं की मॉनिटरनं सूर लावायचा आणि सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "हो सरऽऽ!" प्रश्न ऐकायची गरज नाही. पहिलीत आलं की आधी हे घोटून घेतो, मग पाढे. ह्या शिस्तीनं आजवर कधी दगा दिला नव्हता. "खिचडी चांगली असते ना?" हो सर! "पुस्तकं वेळेवर मिळाली ना?" हो सर! पुस्तकं तेव्हा गोडाऊनमध्ये होती, पण साहेब खूश, आम्ही खूश.

साहेब मुलांसमोर उभे राहिले. म्हणाले, "मुलांनो, रोडच्या पलीकडे मोठी शाळा आहे. मोठं ग्राउंड आहे, लॅब आहे. तिकडे जायला आवडेल ना?"

मॉनिटर प्रणाली. तिनं सवयीनं सूर लावला. आणि आख्खा हॉल दणाणला, "हो सरऽऽऽ!"

इतकं एका सुरात आमची मुलं कधी राष्ट्रगीत म्हणाली नव्हती.

प्रणालीचा हात तोंडावर गेला. ढोबळे सरांचा चमचा पोह्यात तसाच राहिला. गजभिये मॅडम खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या, त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

साहेब मॅडमकडे वळले. "बघा, मुलांचीच इच्छा आहे. आपण कशाला आड यायचं?" आणि खिशातून पेन काढलं.

"साहेब," मॅडम म्हणाल्या, "ह्यांनी आजवर कोणत्याच साहेबाला 'नाही' म्हटलेलं नाही. मागच्या साहेबांनी विचारलं, मुलींच्या संडासाला दार लागलं ना? तेव्हाही हो म्हणाले. जाऊन बघा, दार कुठं आहे ते!"

साहेब जरा वरमले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "ठीक आहे, मी वेगळं विचारतो. मुलांनो, ज्यांना तिकडे जायचं नाही, त्यांनी अजिबात घाबरायचं नाही. सरळ नाही म्हणायचं. म्हणाल ना?"

"हो सरऽऽऽ!"

कूलरचा तेवढा घरघर आवाज. मी मागच्या भिंतीशी उभी राहून हातानं खुणा करत होते, म्हणा रे, म्हणा! मुलं माझ्याकडे बघत होती, साहेबांकडे बघत होती, एकमेकांना कोपरानं ढोसत होती. साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात प्रणाली उठली.

"बोल बेटा," साहेब म्हणाले.

ओठावर 'हो सर' आलंच होतं तिच्या. ते तिनं गिळलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"सर, नाही म्हणायचं असलं तर उभं राहून म्हणायचं का बसून? ते आम्हाले कोणी शिकवलंच नाही."

साहेबांनी एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं.

मग ते तिला म्हणाले, "बस बेटा, आधी खाली बस. बसतेस ना?"

प्रणाली उभीच राहिली.